एकाच भांड्यातले रसायन
(आष्टी येथील कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. आम्ही रसायनशास्त्रावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु विज्ञान आपल्या घरासाठी नाही, या भीतीने आमच्या पिढीतील अनेकांनी ती वाट सोडली. ती भीती आपल्या मुलांच्या मनात राहू नये, एवढ्यासाठीच हा विषय घेतला.

ज्या रेणूच्या वलयात कार्बनबरोबर नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकही असतो, त्यांना विषमवलयी संयुगे म्हणतात. रक्तदाबाची अम्लोडिपिनची गोळी त्यांतलीच. डीएनएची चारही अक्षरे त्यांतलीच. ती सर्व माणसांत सारखीच आहेत, जात त्यात कोठेही लिहिलेली नाही.

१८९१ साली इटलीच्या बिजिनेली यांनी बेंझाल्डिहाइड, इथिल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया एकाच भांड्यात तापवून असे वलय तयार केले. युरिया म्हणजे आपण पिकाला देतो तोच. त्यांनी अल्कोहोल हा विद्रावक आणि तीव्र आम्ल वापरले. आज लिंबातील सायट्रिक आम्लासारखा साधा उत्प्रेरक घालून, विद्रावक न घेताही ही क्रिया करता येते. तिन्ही पदार्थ जोडले जाताना बाहेर पडते ते पाणी.

उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. पूर्वी उत्प्रेरक म्हटले की धातू किंवा एन्झाइम, असाच समज होता. २००० साली बेंजामिन लिस्ट यांनी आपल्या शरीरातही असलेल्या प्रोलीन या अमिनो आम्लाकडून ते काम करून घेतले. त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनीही दुसरा लहान कार्बनी रेणू वापरून तेच साधले. दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले.

अर्थात, तयार पदार्थ शुद्ध करताना विद्रावक बहुधा लागतोच. आणि हे प्रयोग घरी नव्हे, प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत.

तथागतांनी पारखून घेतल्याशिवाय काही मानू नका असे शिकवले. प्रयोगशाळेचा नियमही तोच. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती आपल्या मुलांना ही दारे उघडावीत म्हणून. तेव्हा मित्रहो, दहावीनंतर केवळ भीतीपोटी किंवा फीपोटी विज्ञान सोडू नका. आधी संस्थेकडे या. आणि सभासदांनो, अशा मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!