प्रश्नाची परीक्षा

उत्तराची परीक्षा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु प्रश्नाचीही परीक्षा घ्यावी लागते, हें थोड्यांच्याच ध्यानीं येतें. संगणकाच्या व्यवहारांत ती पावलोपावलीं घ्यावी लागते.

सात-बाराचा उतारा घरबसल्या पाहणारा मनुष्य गांव, गट-क्रमांक असा थोडासा मजकूर भरतो. पडद्यामागें त्याची पृच्छा तयार होते. अशा पृच्छांना स्वतंत्र भाषा आहे. इ. स. १९७० मध्यें एडगर कॉड यांनीं माहिती कोष्टकरूपानें मांडण्याची उपपत्ति प्रसिद्ध केली. तिच्या आधारें चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ मध्यें ‘सीक्वेल’ ही भाषा पुढें आणली. तीच आज ‘एस्क्यूएल’ म्हणून ओळखली जाते.

ही भाषा आज्ञाधारक आहे, समजूतदार नाहीं. वऱ्हाडांतील एक लहानसें कोष्टक घेऊं. अकोल्यापुढें नदी ‘मोर्णा’ लिहिली आहे. बाळापूर मन व म्हैस यांच्या संगमावर आहे. त्याच्यापुढें ‘मन’ एवढेंच लिहूं. मूर्तिजापुरापुढील रकाना कोरा राहिला आहे. ‘ज्यांची नदी मोर्णा नाहीं तीं गांवें दाखव’ असें विचारल्यास कोणतेंही शाळकरी मूल दोन गांवें सांगेल. यंत्र एकटें बाळापूर दाखवितें! कोरा रकाना म्हणजे ‘अज्ञात’, आणि अज्ञात वस्तु मोर्णेहून निराळीच आहे असें तें ठरवीत नाहीं. तसेंच कोणी ‘बालापूर’ लिहून शोधलें, तर हातीं कांहींच लागत नाहीं. कारण ल आणि ळ हे यंत्राला सर्वस्वी भिन्न वर्ण आहेत. दोन्ही वेळां चूक झाल्याची सूचना मात्र मिळत नाहीं.

नद्यांच्या कोष्टकांत याचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्याच रकान्यांत शिष्यवृत्ति ‘पोंचली’ किंवा ‘अडली’ अशी नोंद असेल, आणि ‘पोंचली’ नसलेल्यांची यादी अशाच रीतीनें मागविली, तर ज्या मुलापुढें कोणी कांहींच लिहिलें नाहीं, नेमकें तेंच यादींतून गळतें.

म्हणून पृच्छा खऱ्या दप्तराला लावण्यापूर्वीं पारखून पाहण्याचीं साधनें संकेतस्थळांवर निघालीं. एका बाजूस नमुन्याचें कोष्टक, दुसऱ्या बाजूस पृच्छा व खालीं उत्तर, अशी त्यांची साधी रचना असते. साधन प्रथम पृच्छेचे घटक सुटे करून व्याकरण तपासतें, चुकलेल्या जागेवर बोट ठेवतें, आणि मग ती नमुन्यावर चालवून दाखवितें. बांधणाऱ्यानें दोन पथ्यें अवश्य पाळावीं: साधनाचा खऱ्या दप्तराशीं संबंध नसावा, आणि न संपणारी पृच्छा ठराविक वेळानें थांबविली जावी.

अशा पारखीचा आणखीही एक उपयोग आहे. ‘जेसन’ धाटणीच्या माहितीसाठीं श्टेफान ग्योस्नर यांनीं २००७ मध्यें ‘जेसनपाथ’ ही पृच्छापद्धति सुचविली. पुढें ज्यानें त्यानें ती आपल्या समजुतीप्रमाणें राबविली, आणि एकाच पृच्छेला निरनिराळीं उत्तरें येऊं लागलीं. तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यावर भेद उघड झाले. तिचें अधिकृत मानक प्रसिद्ध व्हावयास २०२४ साल उजाडलें.

तथापि साधन व्याकरण पारखतें, हेतु पारखीत नाहीं. नमुन्यांत एक कोरा रकाना व एखादें ‘बालापूर’ मुद्दाम ठेवणें, आणि खरें उत्तर आधीं हातानें मांडून ठेवणें, हें माणसाचेंच काम होय. गणित सुटल्यावर ताळा पाहण्याची शिस्त शाळेंत लागते. येथें तो ताळा यंत्राला विचारण्यापूर्वींच तयार असला पाहिजे.