आधी पुडी शोधा

आपल्या करवीरच्या ऊसपट्ट्यात राखणीचा कुत्रा तडफडू लागला की मिठाचे पाणी, नाहीतर तेल पाजतात. ते फुप्फुसात उतरते नि जनावर उलट लवकर दगावते. त्यापेक्षा विषाची पुडी शोधा. कामगाराला बाधा झाली तरी मी आधी डबाच मागतो. लाळ, थरथर, टाचणीएवढ्या बाहुल्या, ही थिमेटची चाल. त्यावर 2020 अखेर बंदी आली. अडगळीतली पुडकी कोण पाहतो? तिथे डॉक्टर अ‍ॅट्रोपीन टोचतात. उंदराच्या काही औषधांनी मात्र रक्त गोठेनासे होते, तेही दोन-चार दिवसांनी दिसते. उतारा जीवनसत्त्व ‘के’. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीला उताराच नाही, आणि ओकारीतला वायू माणसालाही बाधतो. पुडी उघड्या हाताने धरू नका, पिशवीत घालून कुत्र्याबरोबरच डॉक्टरांकडे न्या.