सहावी ते आठवी : शाळेतील छळ, व्यसन आणि समुपदेशन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी संतवाङ्मय किंवा नाट्यसंगीत असा एखादा प्रसन्न विषय निवडला जावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र कार्यकारिणीकडे आग्रह धरून हा विषय मागून घेतला. आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण माझ्याप्रमाणेच बदलीच्या नोकरीतले आहेत; कोणी केंद्र सरकारचे, कोणी बँकेचे, कोणी रेल्वेचे, कोणी सैन्यदलातले. तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलते. आपल्याबरोबर आपला हुद्दा येतो, नव्या कचेरीत खुर्ची वाट पाहत असते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर मात्र काहीच येत नाही. वर्गातील बाके आधीच वाटली गेलेली असतात, मैत्र्या जुळून गेलेल्या असतात, आणि त्यात त्याची हिंदी मराठी वळणाची. या वयाच्या मुलांसाठी शाळेत समुपदेशन म्हणून जे काही चालते किंवा चालायला हवे, त्याविषयी मी बोलणार आहे. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे, साधा बी. ए. आहे, परंतु गावोगावच्या पालकसभांना नेमाने बसलो आहे आणि या विषयावरचे बरेचसे साहित्य सवडीने वाचले आहे.

प्रथम शब्दाचाच प्रश्न येतो. इंग्रजीत ज्याला ‘बुलिंग’ म्हणतात त्यासाठी मराठीत नेमका एक शब्द नाही. चिडवाचिडवी म्हटले तर ते फार सौम्य होते, गुंडगिरी म्हटले तर फार उग्र. मी ‘छळ’ हा शब्द वापरतो. दोन बरोबरीची मुले भांडली तर तो छळ नव्हे. जे जाणूनबुजून केले जाते, पुनःपुन्हा केले जाते, आणि ज्यात एका बाजूला बळ अधिक असल्याने दुसऱ्याला प्रतिकार करता येत नाही, तो छळ. बळ शरीराचेच असते असे नाही. पाच जणींनी मिळून एकीला डब्याच्या वेळी शेजारी बसू न देणे, हेही बळच आहे.

ही व्याख्या ज्यांनी रूढ केली ते डॅन ओल्वेयस हे स्वीडनमध्ये जन्मलेले मानसशास्त्रज्ञ. पुढे ते नॉर्वेतील बर्गेन येथे स्थायिक झाले आणि २०२० मध्ये निवर्तले. सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून ते या विषयावर लिहीत होते, पण ते फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आपले जीवन संपविले, आणि सोबत्यांचा छळ हे त्यामागचे कारण असावे असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. सारा देश हादरला. दुसऱ्याच वर्षी, १९८३ मध्ये, तेथील शिक्षण मंत्रालयाने देशव्यापी मोहीम हाती घेतली. त्या वेळच्या पाहणीत दिसले की साधारणतः सात मुलांमागे एक मूल या प्रकारात नित्य गुंतलेले आहे. कोणी सोसणारे, तर कोणी करणारे.

बर्गेनमध्ये ४२ शाळांतील सुमारे २,५०० मुलांवर ओल्वेयस यांनी अडीच वर्षे लक्ष ठेवले. त्यांनी केलेले उपाय ऐकले तर आपल्याला ते अगदीच साधे वाटतील. प्रथम मुलांकडून निनावी प्रश्नावली भरून घेतली. त्यामुळे छळ कोठे होतो, केव्हा होतो, हे शिक्षकांना प्रथमच कळले. मधल्या सुट्टीत पटांगणात, व्हरांड्यात शिक्षकांची उपस्थिती वाढविली. प्रत्येक वर्गाने स्वतःचे दोन-चार नियम ठरविले आणि त्यावर नियमाने वर्गात चर्चा होऊ लागली. त्रास देणाऱ्या मुलाशी, सोसणाऱ्या मुलाशी आणि दोघांच्या पालकांशी स्वतंत्रपणे, गंभीरपणे बोलणे झाले. परिणाम असा की छळाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. पुढे इतर देशांत हाच कार्यक्रम राबविला गेला तेव्हा इतके यश सर्वत्र मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी या कार्यक्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : एखाद्या मुलाला खोलीत बोलावून त्याला ‘सुधारणे’ हा त्याचा केवळ एक भाग होता. बाकी सारे काम शाळेच्या वातावरणावर होते.

ओल्वेयस यांचा आणखी एक निष्कर्ष आपल्या बाबतीत मोलाचा आहे. जाड मुले, चष्मा लावणारी मुले, निराळ्या बोलीत बोलणारी मुले हटकून छळली जातात, असा सर्वांचाच समज असतो. त्यांनी तो तपासून पाहिला आणि त्याला पुरेसा आधार सापडला नाही. निराळेपण छळणाऱ्याला निमित्त पुरवते, एवढेच. ज्या मुलाच्या बाजूने वर्गात कोणीच उभे राहणार नाही अशी खात्री असते, ते मूल निवडले जाते. म्हणजे ‘ळ’चा उच्चार हा आपल्या मुलाचा दोष नव्हे, त्याचे एकटेपण हे खरे दुखणे आहे. तेव्हा ‘तुझी हिंदी सुधार म्हणजे ते चिडवणार नाहीत’ हा आपला नेहमीचा उपदेश औषध चुकीच्या जागी लावतो.

हे एकटेपण किती निर्णायक असते, हे कॅनडातील संशोधकांनी टोरांटोच्या शाळांत मुलांचे खेळ चित्रित करून दाखविले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगी आसपास इतर मुले हजर होती. ती मध्ये पडली मात्र पाचांपैकी एखाद्याच वेळी. पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंगी तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! आमच्या कचेरीत एवढ्या वेळात फाइलची दोरीसुद्धा सुटत नाही. फिनलंडने पुढे याच बघ्या मुलांवर लक्ष केंद्रित करून ‘किव्हा’ नावाचा कार्यक्रम आखला आणि २००९ पासून तो देशभरातील शाळांत नेला.

आता व्यसनांकडे येतो. हा विषय निराळा भासतो, पण वय तेच आणि मूळही पुष्कळसे तेच. टोळीत जागा हवी म्हणून एक मुलगा दुसऱ्याला धक्का देतो. टोळीत जागा हवी म्हणूनच तिसरा पुढे केलेली सिगारेट घेतो. ओल्वेयस यांनी सहावी ते नववीत दादागिरी करणारे म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलग्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के जण चोविसाव्या वर्षापर्यंत निदान एका गुन्ह्यात दोषी ठरलेले आढळले. म्हणून समुपदेशनाची गरज मार खाणाऱ्याइतकीच मारणाऱ्यालाही आहे. हे ऐकायला अनेक पालकांना आवडत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे १९८३ मध्येच ‘डेअर’ नावाचा व्यसनप्रतिबंधक कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन सतरा आठवडे धडे देत. कार्यक्रम अतिशय लोकप्रिय झाला; देशभर पसरला; मुलांना सदरे मिळाले, प्रमाणपत्रे मिळाली. नंतर एकामागून एक तपासण्या झाल्या आणि असे निघाले की धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या वागण्यात पुढे जवळजवळ काहीच फरक राहत नाही. २००९ मध्ये त्या संस्थेने आपला अभ्यासक्रमच बदलला. भय दाखविणे आणि व्याख्यान देणे यांवर आपली केवढी श्रद्धा असते! काळ्या पडलेल्या फुप्फुसाचे चित्र भिंतीवर लावले की आपले कर्तव्य संपले. मी स्वतः या क्षणी व्याख्यानच देत आहे, पण समोर मुले नाहीत म्हणून ते क्षम्य मानावे.

याच्या उलट, गिल्बर्ट बॉटव्हिन यांनी १९८५ पासून न्यूयॉर्क राज्यातील ५६ शाळांत सातवीच्या मुलांसाठी जो प्रयोग केला, त्यात भय जवळजवळ नव्हतेच. नाही कसे म्हणावे, याची मुलांनी जोडीजोडीने तालीम केली; राग आणि भीती आवरण्याचा सराव केला. ‘सगळेच ओढतात’ हा मुलांचा समज कसा खोटा असतो हे आकड्यांनी दाखविले. आठवी-नववीत उजळणी झाली. बारावीपर्यंत त्याचा प्रभाव टिकल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि आपला देश? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरत होती. ज्यांनी विडी ओढली होती त्यांपैकी ४७ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस होण्यापूर्वीच तोंडाला लावली होती! त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका सरकारी अहवालानुसार, हुंगण्याची द्रव्ये हा एकच प्रकार असा आहे की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक आहे. ही द्रव्ये म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर यांसारख्या वस्तू. काही तर घरातील लिहिण्याच्या टेबलावरच असतात. मशेरीचा उल्लेख केला तर ज्येष्ठ भगिनी रागावतील, पण आपल्याकडे कित्येक घरांत तंबाखूची पहिली ओळख आजीच्या डबीतूनच झाली आहे.

कायदे आहेत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. रॅगिंगविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम महाविद्यालयांपुरते आहेत. शाळांसाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये छळविरोधी समित्या नेमण्याची सूचना काढली. त्या मंडळाच्या संलग्नता-नियमांत समुपदेशकाचीही अट आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. परिपत्रक निघाले म्हणजे काम झाले, असे मानण्याची आम्हा सरकारी नोकरांची परंपरा आहे. म्हणून प्रत्यक्षात काय दिसते ते सांगतो.

बदल्यांच्या निमित्ताने पाहिलेल्या शाळांत समुपदेशकाची खोली बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून असते. तेथे शिरणारे मूल साऱ्या शाळेला दिसते. म्हणजे चहाडखोर ठरण्याची सोय आपणच करून ठेवलेली असते. एका शाळेत तर समुपदेशक बाईंना रजेवरच्या शिक्षकांचे तास घ्यावे लागत, आणि उरलेल्या वेळात दहावीच्या मुलांना विज्ञान घ्यावे की वाणिज्य, एवढाच सल्ला विचारला जाई. सहावी-सातवीचे मूल त्यांच्याकडे कधी जाणार? ते जावे यासाठी त्यांनीच आधी त्याच्या वर्गात गेले पाहिजे. आठवड्याला एक तास, हजेरीपटावर नोंदलेला, परीक्षा नसलेला. मूल काय बोलले हे घरी किंवा शिक्षकखोलीत उघड होणार नाही, अशी हमी हवी. मात्र जिवाला धोका असेल तर सांगावे लागेल, हेही मुलाला आधीच माहीत हवे. पुढच्या पालकसभेत गुणांच्या चौकशीबरोबर एवढे जरूर विचारा : मधल्या सुट्टीत पटांगणात कोण असते, मुलांकडून निनावी प्रश्नावली शेवटची केव्हा भरून घेतली, आणि शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकांवर कोणाचे लक्ष असते?

मंडळाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला वर्गाबाहेर एक जरी जिवलग सोबती असला तरी छळाचा घाव कमी खोल जातो. गणेशोत्सवाच्या तालमी, रविवारचा मराठी वर्ग यांचे खरे मोल मला येथे दिसते. परंतु त्याच तालमीत, येथेच जन्मलेल्या मुलांचे मोडके मराठी ऐकून पुण्या-नागपूरहून नुकतीच आलेली मुले फिदीफिदी हसतात, आणि आपण मोठी माणसे त्यात सामील होतो, हेही मी पाहिले आहे. शाळेत हिंदीवरून हसू आणि मंडळात मराठीवरून हसू. त्या मुलाने जावे तरी कोठे? यंदाच्या नाटकात संवाद कमी आणि माणसे जास्त असलेले संहितेचे पान निवडावे, अशी माझी सांस्कृतिक चिटणीसांना विनंती आहे.

मराठीतून बोलण्याची सोय हवी असल्यास केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक आहेत. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या ‘मुक्तांगण’ची ओळख आपल्याला करून द्यायला नको.

भाषणानंतर एका भगिनींनी विचारले की, ‘शाळेत सांगू नका, ते आणखी मारतील’ असे मूल विनवत असेल तर काय करावे? त्याची भीती खरी असते. ती उडवून लावू नये. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी. वर्गशिक्षकांना एकट्याने भेटावे आणि मुलाचे नाव वर्गात न घेता त्या जागेवर देखरेख ठेवण्यास सांगावे, म्हणजे कोणी सांगितले हे उघड होत नाही. दुसऱ्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नये. दोघांना समोरासमोर उभे करून हस्तांदोलन करायला लावणेही टाळावे. दुबळा त्या वेळी ‘हो’ म्हणतो आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजतो. ‘मुले असेच करतात’ असे उत्तर मिळाले तर अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घालून घ्यावी. अशा अर्जाचा मसुदा मी तयार करून मंडळाच्या ग्रंथालयात ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी ग्रंथपालांकडून घ्यावा.