रोमन नाण्यांवरील चित्रें आणि खानदेशची वाट

रोमच्या बाजारांत भाजी-तेलाची खरेदी होई ती तांब्या-पितळेच्या नाण्यांनीं. पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. म्हणून नाण्यावरील चित्र हेंच त्यांचें राजपत्र ठरे. एका बाजूस सम्राटाचें मुख, दुसऱ्या बाजूस राज्यकर्त्यास जें सांगावयाचें असे तें. नीरोच्या एका नाण्यावर गलबतांनीं भरलेलें ऑस्टियाचें बंदर आहे. इ. स. ७१ मधील व्हेस्पासियनच्या नाण्यावर खजुरीच्या झाडाखालीं शोक करीत बसलेली स्त्री आहे. ती म्हणजे जिंकलेला यहुदी देश.

असें नाणें खानदेशच्या वाटेला लागलें असेल काय? भडोचहून पैठणास जाणारा मार्ग तापीचें खोरें ओलांडूनच जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथांत हा प्रवास वीस दिवसांचा सांगितला असून माल गाड्यांतून येई, असेंही नमूद आहे. भडोचच्या आयातींत त्या ग्रंथानें सोन्यारुप्याचीं नाणीं आणि धातु म्हणून तांबें सांगितलें आहे. तांब्याचें नाणें सांगितलेलें नाहीं. सोनें-रुपें कोठेंही वजनावर खपे. तांब्याच्या नाण्याची किंमत मात्र सम्राटाच्या शब्दावर टिकलेली, आणि तो शब्द समुद्रापलीकडे चालत नसे.

नाणें मागें राहिलें तरी त्यावरील कल्पना येथवर पोंचली. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें आहेत. त्या मुखाच्या ठेवणींत विद्वानांस रोमन नाण्यांची छाया दिसते. खानदेशला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यांत, जोगलटेंभी येथें, १९०६ सालीं अशीं तेरा हजारांहून अधिक नाणीं एकत्र सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें पुन्हां ठोकलेलीं आहेत. विजयाची वार्ता हातोहातीं पोंचविण्याचा उपाय रोमप्रमाणें त्यासही ठाऊक होता.

हें सारें कळलें, कारण तो ठेवा मुशींत जाण्यापूर्वीं अभ्यासकांच्या दृष्टीस पडला. धुळें-जळगांवच्या शेतांत नांगराच्या फाळास लागलेलें हिरवटलेलें नाणें मोडींत घातल्यास हातीं चार पैसे येतात. पण तें कोठें व कशाच्या सोबतीनें सांपडलें, ही माहिती कायमची जाते. भूमिगत धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. धुळ्यास १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळही आहे. श्रोत्यांच्या घरीं, देव्हाऱ्यांत वा जुन्या डब्यांत असें एखादें नाणें असेल, तर तें घांसून लखलखीत करूं नये; त्यावरील पुसट चित्र आधीं जाणत्यास दाखवावें.