टॉलस्टॉयचा गेरासिम आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रम पत्रिकेत माझ्या नावापुढे 'टॉलस्टॉय यांचे मरण, नीती व कला याविषयीचे विचार' असा भारी विषय छापला आहे. तो वाचून मिलमधला माझा एक जोडीदार म्हणाला, "काहून गा, गोंदियातले विषय संपले का, तर तू रशियात चालला?" मी म्हटले, बाप्पा, तो रशियातला माणूसच आधी आपल्या बुद्धाच्या दारी येऊन गेला आहे. तर तिथूनच सुरुवात करतो.

लिओ टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ चा. घराणे मोठ्या जमीनदाराचे. 'युद्ध आणि शांती' व 'अ‍ॅना कॅरेनिना' या कादंबऱ्यांनी जगभर नाव झाले. जमीन होती, पैसा होता, लेकरेबाळे होती. आणि पन्नाशीत या माणसाला एका प्रश्नाने पछाडले. मी मरणार, मग हे सगळे कशासाठी? पुढे त्यांनी 'कबुलीजबाब' नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात राजपुत्र सिद्धार्थाची गोष्ट आहे, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिल्याची. दुसरीही एक गोष्ट आहे. जंगली जनावर मागे लागले म्हणून एक माणूस विहिरीत उतरतो. खाली अजगर जबडा वासून बसलेला. माणूस फांदीला लोंबकळतो, तर एक काळा आणि एक पांढरा असे दोन उंदीर ती फांदी कुरतडतात. म्हणजे रात्र आणि दिवस. आणि अशाही वेळी तो पानावरचा मध चाटत राहतो. ही गोष्ट मूळची आपल्याच देशातली. महाभारतात आहे, जैन ग्रंथांतही आहे.

आता बाबासाहेबांकडे या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या प्रत्येक घरी आहे. (कपड्यात बांधून ठेवलेला असेल तर आज सोडा.) त्याच्या सुरुवातीलाच बाबासाहेब विचारतात की, सिद्धार्थाने २९ व्या वर्षी घर सोडले, तोवर त्याला म्हातारा, रोगी, मेलेला माणूस कधी दिसलाच नाही, हे पटण्यासारखे आहे काय? कारण दुसरे होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण पेटले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला आणि देशत्याग पत्करला.

फरक ध्यानात घ्या. टॉलस्टॉय यांचा प्रश्न 'मी मरणार' इथून सुरू होतो. बाबासाहेबांचा बुद्ध 'माणसे एकमेकांना मारतात, हे कसे थांबेल' इथून निघतो. पहिला प्रश्न खोटा नाही. तो सगळ्यांना एक दिवस पडतो. पण ज्याच्या घरी उद्याच्या पेजेची सोय नाही त्याला तो पन्नाशीत, आरामखुर्चीत बसून पडत नाही एवढेच.

तरीसुद्धा हा माणूस मला मोठा वाटतो तो १८८६ साली निघालेल्या एका कथेमुळे. नाव 'इवान इलिचचा मृत्यू'. मॉस्कोहून स्वस्त हिंदी पुस्तके यायची, त्यातले एक रद्दीत मिळाले, तेव्हा वाचली. इवान इलिच हा मोठा न्यायाधीश. नवीन घरात पडदे कसे लावायचे ते दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला मार लागतो. पुढे दुखणे वाढत जाते. वय फक्त ४५. पण कथेची सुरुवात होते त्याच्या मरणाच्या बातमीपासून. कचेरीतले सोबती ती वाचतात आणि प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो, जागा रिकामी झाली, आता बढती कोणाला? हसू नका, आपल्या इकडेही हेच चालते.

घरात सगळे खोटे बोलतात. बायको म्हणते औषध घ्या, बरे व्हाल. डॉक्टर तेच म्हणतो. माणूस मरतो आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचे नाही. एकटा गेरासिम, खेड्यातून आलेला जवान नोकर, खोटे बोलत नाही. तो मालकाची घाण काढतो. पाय उंच धरले की मालकाला बरे वाटते, म्हणून रात्र रात्र ते पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो. त्याचे म्हणणे साधे आहे. सगळ्यांनाच मरायचे आहे, मग थोडी तसदी घ्यायला काय हरकत?

आपल्या माता-भगिनींना किसा गौतमी माहीत आहे. मेलेले लेकरू घेऊन ती दारोदार मोहरी मागत फिरली. तिला प्रत्येक घराने खरे सांगितले, म्हणून तिचे दुःख हलके झाले. इवान इलिचच्या घरी खरे सांगणारे दारच नव्हते. एक होते, ते नोकराचे.

इथे माझा टॉलस्टॉय साहेबांना प्रश्न आहे. गेरासिम पुढे म्हातारा झाला असेल, खाटेला लागला असेल. तेव्हा त्याचे पाय कोणी धरले? कथेत ते नाही. गरिबाचा चांगुलपणा श्रीमंताच्या मरणाला कामी आला, इथे कथा संपते. मी राईस मिलमध्ये पोती वाहिली, बॉयलरजवळ कोंडा-तूस गिळला. छाती भरून येऊन खाटेला खिळलेले सोबती पाहिले. त्यांच्यापाशी कोणी नोकर नव्हता. शेजारणी होत्या. त्या भाकर करून आणत, अंग पुसून देत. नीतीचा विषय मला तिथे दिसतो. बाबासाहेब म्हणतात तशी मैत्री ती हीच, आणि ती बरोबरीच्या माणसांत होते. वरून खाली होते ती दया, खालून वर होते ती चाकरी.

आता कला. टॉलस्टॉय यांनी १८९७-९८ मध्ये 'कला म्हणजे काय?' हे पुस्तक लिहिले. साने गुरुजींनी ते मराठीत आणले. सुरुवातीलाच एका ऑपेराची तालीम आहे. रंगमंचामागे अंधारात, धुळीत मजूर राबत आहेत आणि वर दिग्दर्शक गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना शिव्या देतो आहे. टॉलस्टॉय विचारतात, एवढ्या लोकांचे हाल करून हे कोणासाठी? पुढे ते सांगतात, मुलीचे लग्न झाले तेव्हा शेतावरच्या बायका विळे वाजवत मोठ्याने गाऊ लागल्या. ते ऐकून त्यांचे उदास मन फुलले. संध्याकाळी एका नामी वादकाने बीथोव्हेन वाजवला, सगळ्यांनी वाहवा केली, पण आतून कंटाळले होते. म्हणून त्यांचे म्हणणे, एकाच्या मनातली भावना दुसऱ्याला लागण झाल्यासारखी लागली पाहिजे आणि तिने माणसे जोडली पाहिजेत. या कसोटीवर त्यांनी स्वतःच्या दोनच कथा पास केल्या, बाकी सगळे लिखाण नापास! असा परीक्षक आपल्याला कुठे मिळायचा?

वामनदादा कर्डक यांचे गाणे रात्री दोन वाजता ऐकताना अख्खी वस्ती एका जिवाची होई, ती हीच लागण. पण भीमाचे नाव घेतले म्हणजे प्रत्येक गाणे चांगले, असे नाही. सिनेमाच्या चालीवर नाव बसवायचे, डी.जे.ची भिंत उभी करायची, आणि शेजारच्या घरात आजारी म्हातारी कानात बोळे घालून पडलेली. तिथे माणसे जुळत नाहीत, तुटतात. तरुणांना हे कडू लागेल, पण इथे नाही बोललो तर कुठे बोलू?

टॉलस्टॉय जिथे चुकले तेही सांगतो. त्यांना यंत्र नको होते, साधे कष्टाचे जगणे हवे होते. १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादावर लिहिताना रूसो, रस्किन आणि टॉलस्टॉय यांचे नाव घेऊन सांगितले की हे जुनेच विचार आहेत. यंत्र नको म्हणाल तर माणसाला फुरसत मिळणार नाही, आणि फुरसत नाही तर विचार, वाचन, कला कुठून येणार? दोष यंत्राचा नाही, त्याच्या मालकीच्या रीतीचा. आमच्या आज्या पहाटे उठून उखळात धान कांडत. हाताला घट्टे पडत. कांडताना गाणी म्हणत हे खरे, पण लिहायला-वाचायला वेळ एकीलाही मिळाला नाही. विळे वाजवणाऱ्या त्या बायकाही गाणे संपवून पुन्हा कामालाच लागल्या असतील. ऐकून पुस्तक लिहायची फुरसत मालकाला होती. बाबासाहेब मजूर मंत्री असताना आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. ते सहा तास नुसत्या झोपेसाठी नव्हते.

टॉलस्टॉय मात्र शब्दाला जागायला शेवटपर्यंत धडपडले. १९०१ साली चर्चने त्यांना बाहेर काढले. १९१० साली, ८२ वर्षांचे असताना, थंडीच्या दिवसांत रात्री घर सोडून निघाले. गाडीत न्यूमोनिया झाला आणि अस्तापोवो नावाच्या छोट्या स्टेशनवर, स्टेशन मास्तरच्या घरी वारले. आपण स्टेशनाच्या गावची माणसे. फलाटाजवळचे असे मरण आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

माझी वेळ संपत आली, भन्तेजी घड्याळाकडे पाहत आहेत. एकच विनंती करतो. येत्या रविवारी वंदना झाली की 'इवान इलिच' वाचायला घेऊ. पुस्तक माझ्यापाशी आहे, हिंदीत आहे, दोन पाने निघाली आहेत, पण ती मला तोंडपाठ आहेत. तीन-चार रविवारांत होईल. वाचणारी पोरे पुढे बसतील, म्हाताऱ्यांनी ऐकायचे. आणि गेरासिमचे पुढे काय झाले, ते ज्याला सुचेल त्याने सांगायचे.

जयभीम! जय बुद्ध!