पडद्यामागचं कुलूप

मोबाइलवर अधिकृत ॲपमधून चित्रपट पाहताना स्क्रीनशॉट घेतला, तर बहुधा काळाच चौकोन उमटतो. हे काम डीआरएमचं, म्हणजे डिजिटल हक्क व्यवस्थापनाचं. चित्रपट कूटबद्ध होऊन फोनवर येतो. तो उलगडणारी किल्ली परवाना देणारा सर्व्हर सदस्यत्व तपासूनच देतो. म्हणून डाउनलोड केलेली फाइल दुसऱ्या फोनवर नेली तरी चालत नाही. अँड्रॉइडवर ही व्यवस्था गूगलचं वाइडवाइन सांभाळतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तरीही २०१६ मध्ये ‘सैराट’ या मराठी चित्रपटाच्याही चोरट्या प्रती फिरल्या होत्या. मराठी कलावंतांच्या कष्टाचं मोल त्यांना मिळालंच पाहिजे. चित्रपट अधिकृत ठिकाणीच पाहा.