म्हातारे हृदय आणि तरुण उंदीर



१९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर या तिघांनी कुत्र्यांच्या हृदयावर एक प्रयोग केला. हृदयाची एक रोहिणी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद केली, दर खेपेनंतर पाच मिनिटे मोकळी सोडली आणि मग सलग ४० मिनिटे बंद ठेवली. आधीच गांजलेले हृदय अधिक खचेल, असा कोणाचाही अंदाज असता. घडले उलटेच. ही आगाऊ झळ न सोसलेल्या हृदयांच्या तुलनेत मेलेल्या स्नायूचे प्रमाण पाव हिश्शावर आले. हृदयपेशीत स्वतःला वाचवण्याची सोय असते, हे त्या दिवसापासून ठाऊक झाले आणि ती सोय रुग्णांमध्ये जागी करण्याची खटपट सुरू झाली. तिचे फळ मात्र निराशाजनक आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटका आलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. निम्म्यांच्या दंडाला पट्टा बांधून, तो फुगवून आणि सोडून, दुरूनच हृदयाला सावध करण्याचा प्रयत्न झाला. वर्षअखेर दोन्ही गटांत काही फरक दिसला नाही.

या अपयशाचे एक कारण आपण पुरेसे मनावर घेतलेले नाही, असे माझे मत आहे. ते पेशीच्या कडेला, तिच्या पटलात आहे. पेशीपटल म्हणजे आतला ऐवज धरून ठेवणारी नुसती पिशवी नव्हे. त्यात ५० ते १०० नॅनोमीटरचे, कोलेस्टेरॉलने समृद्ध असे खळगे असतात. जॉर्ज पॅलाडे यांना ते १९५३ मध्येच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. हृदयस्नायूत त्यांचा आकार केव्हिओलिन-३ या प्रथिनावर टिकतो, आणि संकटाची वर्दी घेणारे ग्राहक-रेणू व ती आत पोचवणारी प्रथिने तिथे शेजारी-शेजारी नांदतात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना आगाऊ झळीचा फायदा मिळत नाही. उलट हृदयात ते जादा निर्माण करणारे उंदीर अशा तयारीवाचूनही रक्तपुरवठा तुटल्याचा आघात अधिक सोसतात. वय वाढलेल्या प्राण्यांच्या हृदयात केव्हिओलिन-३ आणि हे खळगे, दोन्ही घटलेले आढळले आहेत. संरक्षणही तिथेच क्षीण होते. वर्दी देणारा आहे, पण ती घेणारे विखुरले आहेत. शिवाय माणसाच्या हृदयस्नायूतील पेशी पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी बदलतात. म्हणजे आहे ती पेशी वाचवण्याला पर्याय जवळजवळ नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते बिनबुडाचे नाहीत. आज तातडीच्या अँजिओप्लास्टीने आणि रक्त गोठू न देणाऱ्या औषधांनी इतके हृदय वाचते की वर आणखी वाचवायला फारसे उरतच नाही, असे म्हणतात. मान्य. पण ज्या म्हाताऱ्या प्राण्यांना यातले काहीच मिळालेले नव्हते, त्यांच्यातही आगाऊ झळ निष्फळ का ठरली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: केव्हिओलिन कमी होणे हे वार्धक्याचे कारण नसून निव्वळ खूण असेल. जनुके बदललेले उंदीर त्याला अर्धेच उत्तर देतात, कारण ते बहुधा तरुण होते. माणसांतले उत्तर अप्रत्यक्ष आहे. इटलीत पास्क्वाले अबेते आणि सहकाऱ्यांनी झटक्यापूर्वी छातीत कळ येऊन गेलेले रुग्ण पाहिले. त्या कळेने प्रौढांना संरक्षण दिले, ६५ ओलांडलेल्यांना दिले नाही. मात्र २००१ च्या त्यांच्या अभ्यासात, भरपूर शारीरिक हालचाल असलेल्या वृद्धांमध्ये ते टिकून होते. हालचाल करणारे मुळातच निरोगी असतील, ही शंका उरतेच, आणि पेशीपटलाचा दोष यातून सिद्ध होत नाही. पण ही ऱ्हासाची वाट अगदीच एकेरी नसावी, एवढे त्यावरून म्हणता येते.

आपले रुग्ण साठीचे, मधुमेही, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. आणि त्यांच्यासाठीची औषधे पारखली जातात ती धडधाकट, कोवळ्या जनावरांवर. म्हातारे उंदीर पाळणे महाग आणि वेळखाऊ असते हे खरे, पण हजारो रुग्णांची चाचणी फसणे त्याहून कितीतरी महाग पडते. तेव्हा उद्या कोणी हृदय वाचवणाऱ्या नव्या औषधाचा शोधनिबंध तुमच्यापुढे ठेवील, तेव्हा निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. प्राण्याचे वय काय होते आणि त्याला मधुमेह होता का, हे विचारा. आज पदवी घेणाऱ्या तुम्हा डॉक्टरांपैकी जे संशोधनात जातील, त्यांनी आपल्या पहिल्याच प्रस्तावात म्हाताऱ्या प्राण्यांसाठी पैसे मागावेत.